दगडाच्या चकतीला कॉपर फॉईल आणि सोल्डर: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अकीकाची, म्हणजे पट्टेदार अॅगेट दगडाची, चकती घ्यायची, कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची, तिच्यावर सोल्डर (कथलाचा सहज वितळणारा मिश्रधातू) ओढायचं आणि कडी लावून खिडकीत टांगायची. ऐकायला काम एवढंच आहे, म्हणून बहुतेक जण पहिल्याच दिवशी थेट सोल्डरिंग आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवायचं तापतं हत्यार, हातात घेतात. मग कुणाची पट्टी सुटते, कुणाचं सोल्डर गोळ्या होऊन बसतं, कुणाच्या चकतीला आरपार चीर जाते आणि कुणाच्या कडेवर महिनाभरात पांढरी-हिरवी भुकटी धरते. यातल्या पहिल्या तीन तक्रारी आयर्न तापवण्याआधीच ठरून गेलेल्या असतात. चौथी धुण्यातली आहे.

एक गोष्ट पक्की धरून चला. या कामात तांबं तापवायचं असतं, दगड नाही. सोल्डर दगडाला कधीच धरत नाही, ते फक्त तांब्याला धरतं. पट्टी स्वच्छ आणि घट्ट बसलेली असेल तर आयर्न एका जागी दोन-तीन सेकंदांत काम उरकतं आणि दगडाला फारसा ताप पोचतच नाही. पट्टी मळकट असेल तर आपण आयर्न दाबून धरतो, सगळी उष्णता दगडात जाते आणि तो तडकतो. पुढचा सगळा क्रम याच हिशेबानं लावला आहे.

## १. आधी दगड ओळखा

आपल्या खानदेशात तापी, गिरणा, वाघूर यांच्या पात्रांत गारगोट्या भरपूर मिळतात, नांगरटीतही वर येतात. कापून पॉलिश केलेल्या तयार चकत्या मात्र बऱ्याचशा गुजरातेतल्या खंभातहून येतात. कुठूनही आणा, पुढच्या चाचण्या मागच्या बाजूवर करून घ्याच.

चाकूच्या टोकानं ओरखडा काढून पाहा. अकीक, जास्पर, गारगोटी यांचा कठीणपणा दहापैकी (मोहस् मापावर) साडेसहा ते सात असतो, त्यांच्यावर साध्या चाकूची रेघ उठत नाही. रेघ खोल गेली तर दगड मऊ आहे, या कामाला नको.

व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीच्या कुळातला आहे. सोल्डरिंगचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून तांब्याला आधी लावायचं द्रावण, आम्लधर्मी असतो, तो असा दगड खातो आणि पॉलिश मरतं. घरात फरशीचे तुकडे पडलेले असतात म्हणून पुष्कळ जण कडप्पा, कोटा किंवा संगमरवरावर हात बसवायला जातात. तिन्ही चुनखडीवालेच. सरावाला खिडकीच्या काचेचा तुकडा घ्या, तो यांच्यापेक्षा कितीतरी बरा.

पाण्याचा थेंब ठेवून पाच मिनिटं थांबा. थेंब तसाच उभा राहिला तर ठीक. मुरला आणि डाग दिसला तर दगड सच्छिद्र आहे, फ्लक्सही तसाच मुरेल आणि पुन्हा बाहेर निघणार नाही.

शेवटी चकती उन्हासमोर किंवा मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. अकीकाचे पट्टे वळणावळणानं, एकमेकांना समांतर जातात. त्या पट्ट्यांना आडवी छेदणारी चमकती रेघ दिसली तर ती चीर आहे. चीर कडेपर्यंत आली असेल तर ती चकती बाजूला ठेवा.

इशारा: आपल्याकडचे देखणे स्फटिक या कामाला चालत नाहीत. जळगाव-सावद्याकडच्या खाणींत मिळणारे अॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांच्या स्फटिकरचनेतच पाणी असतं आणि ते एका दिशेनं सहज फुटतात. आयर्न लागलं की पापुद्रे उडतात. ओपल, सेलेनाइट, मॅलाकाइट, फिरोजा यांनाही हीच भीती. काळा बेसॉल्ट घट्ट असेल तर चालतो, पण त्यातली भोकं पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतील तर नको.

गडद गुलाबी, निळ्या, जांभळ्या चकत्या बहुधा रंगवलेल्या असतात. कापसाला स्पिरिट लावून मागे घासा. कापूस रंगला तर ती चकती फक्त साबण-पाण्यानं धुवायची, स्पिरिट टाळायचं.

## २. सामान घेताना

दुकानात इथेच निम्मी फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कॉपर फॉईल म्हणजे खऱ्या तांब्याची, मागे गोंद असलेली पट्टी. शोभेची तांबूस प्लॅस्टिक टेपही तशीच दिसते. छोटा तुकडा कापून मेणबत्तीवर धरा. प्लॅस्टिक आकसून वितळतं, तांबं काळवंडतं पण तसंच राहतं. रुंदी ठरवताना चकतीची जाडी मोजा आणि तीत ३ मि.मी. मिळवा, म्हणजे दोन्ही अंगांवर दीड-दीड मि.मी. पट्टी वळते. ५ मि.मी. चकतीला ८ मि.मी. पट्टी. काचकामात याहून अरुंद पट्टी चालते, दगड जड असतो म्हणून इथे चालत नाही. चकती अर्धपारदर्शक असेल तर पट्टीची गोंदाकडची बाजू आतून दिसते. सोल्डर चंदेरीच ठेवायचं असेल तर मागून चंदेरी असलेली आणि शेवटी काळं करायचं असेल तर मागून काळी पट्टी घ्या.

सोल्डर पोकळीत राळ नसलेलं, भरीव तारेचं हवं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतं त्या तारेच्या पोटात राळ असते. “याच्यात फ्लक्स आहेच, भाऊ, वेगळा कशाला घेता?” असं दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो, आणि त्याच्या कामासाठी ते खरंही आहे. आपल्या कामात मात्र ती राळ तपकिरी चिकट थर होऊन कडेला बसते आणि साबणानं निघत नाही. ६०/४० म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १८३ अंशांला मऊ होऊ लागतं आणि सुमारे १९० अंशांला पूर्ण वितळतं, त्यामुळे शिकायला सोपं.

इशारा: अंगावर घालायचं लॉकेट, कानातलं किंवा लहान मुलांच्या हाती जाणारी कोणतीही वस्तू असेल तर शिसं असलेलं सोल्डर वापरू नका. कथील-तांब्याचं शिसेविरहित सोल्डर २२७ अंशांच्या आसपास वितळतं. ते थोडं हट्टी असतं, आयर्न २०-३० अंश जास्त ठेवावं लागतं आणि पट्टी आणखी स्वच्छ लागते. तरी अंगावरच्या वस्तूंना तेच.

जळगावच्या सराफ बाजारात विचाराल तर दागिन्याला झाळ देण्यासाठी वापरतात तो चांदीचा मिश्रधातू दाखवतील. त्याला ज्योत लागते आणि तो ६०० अंशांच्या वर वितळतो. एवढ्या तापात पट्टीचा गोंद जळेल आणि दगड फुटेल. तो मागे ठेवा.

आयर्न किमान ६० वॅटचं, शक्यतो तापमान ठरवता येणारं, आणि टोक ५-६ मि.मी. रुंद चपटं. २५ वॅटचं बारीक टोकाचं आयर्न सर्किटसाठी असतं. ते पट्टीला लागताच थंड पडतं, मग आपण ते धरून बसतो आणि दगड तापतो. कमी वॅटचं आयर्न दगडाला सौम्य असेल ही समजूत अगदी उलटी आहे.

बाकी सामान: पाण्यात धुतला जाणारा झिंक क्लोराइडचा फ्लक्स, लहान ब्रश, लाकडी किंवा बांबूची सपाट काडी, धारदार कटर, वॉटर पेपर (२२० आणि ४०० नंबर), पक्कड, चिमटा, चष्मा, हातमोजे आणि सुमारे १ मि.मी. जाडीची तांब्याची तार. तार पंपाची मोटर रिवाइंड करणाऱ्याकडे सहज मिळते, पण तिच्यावर पारदर्शक इनॅमल असतं. ते दिसत नाही आणि त्याच्यावर सोल्डर धरत नाही. वॉटर पेपरनं घासून तार गुलाबी, उघडी दिसेपर्यंत साफ करा.

## ३. कड तयार करणं, धुणं, वाळवणं

विकतच्या चकतीची बाहेरची कड बहुधा खडबडीत असते, तिला जुन्या सालीचे कण चिकटलेले असतात. पट्टी या कणांना चिकटते आणि पुढे कणांसकट निघून येते. २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून कड घासा, मग ४०० नंबर. कडेला चमक आणायची नाही, हाताला गुळगुळीत पण दिसायला मंद अशी कड गोंदाला सर्वांत चांगली. दोन्ही अंगांच्या धारदार कोपऱ्यांवरूनही एक हात फिरवा, नाहीतर वळवताना पट्टी तिथेच कापली जाते.

इशारा: दगड कोरडा कधीही घासू नका. अकीक म्हणजे सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिसचा आजार याच धुळीमुळे होत आला आहे. पाणी ठेवा, मास्क लावा आणि खाली पडलेला गाळ वाळण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

कापताना यंत्राला तेल वापरलं असेल तर चकतीला तेलकट वास येतो. अशी चकती भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं घासा, पाणी बदला. वास राहिला तर पुन्हा तेच. त्यानंतर स्पिरिटनं पुसा.

मग वाळवा, आणि इथे घाई नको. बारीक भेगांत आणि मधल्या स्फटिकांच्या पोकळीत पाणी राहिलं तर आयर्नच्या तापानं त्याची वाफ होते आणि ती दगड उकलते. आपल्या उन्हाळ्यात घरात एक दिवस पुरे, पावसाळ्यात दोन-तीन दिवस द्या. मध्ये स्फटिकांची पोकळी असेल तर ती दोन्ही अंगांनी कागदी मास्किंग टेपनं झाकून टाका. फ्लक्सचा शिंतोडा एकदा आत गेला की काढणं फार जिकिरीचं.

तपासणी: कडेवरून कोरडं बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर पुन्हा धुवा.

## ४. फॉईल लावणं

सगळं काम इथे जिंकतं किंवा हरतं. पहिल्या चकतीला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

हात साबणानं धुऊन पुसा. मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना दुपारी हे काम करू नका. बोटांचा घाम तांब्यावर उमटतो आणि गोंद इतका मऊ होतो की पट्टी दाबताना सरकते. सकाळी सहा ते नऊ ही वेळ सर्वांत चांगली.

सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवा. पट्टीचा सांधा कडी येणार तिथे नको, आत वळलेल्या खोबणीत नको आणि टोकावरही नको. बाजूच्या त्यातल्या त्यात सरळ भागावर घ्या. मागचा कागद चार-पाच सें.मी. एवढाच सोडवा, पट्टी कडेवर टेकवा आणि दोन्हीकडे सारखी बाहेर आली आहे का ते डोळ्याच्या रेषेत धरून पाहा. मग एका हातानं चकती फिरवत, दुसऱ्या हातानं पट्टी बसवत चला. पट्टी ओढू नका, फक्त टेकवत जा. ओढलेली पट्टी आत वळलेल्या भागावर कडेपासून सुटते. शेवटी सुरुवातीच्या टोकावर ५-६ मि.मी. चढवून कापा.

मध्येच पट्टी तिरकी गेली तर उचलून परत चिकटवण्याचा मोह होतो. एकदा उचललेला गोंद दगडाची धूळ घेऊन येतो आणि मग धरत नाही. तेवढा भाग कापून टाका आणि नवी पट्टी घ्या.

आता दाबण्याचा क्रम: आधी कड, मग एक अंग, मग दुसरं अंग. कड बांबूच्या काडीनं पूर्ण फेरीभर दाबून घेतल्याशिवाय अंगावर वळवू नका. वळवताना बाहेर फुगलेल्या भागावर पट्टीला बारीक चुण्या पडतात. त्या सगळ्या एकाच दिशेला निजवा आणि काडीनं सपाट करा. आत वळलेल्या भागावर उलट होतं. पट्टीला ताण बसतो आणि ती फाटते. तिथे बोटाच्या पेरानं मधून दोन्हीकडे, अगदी हळू सरकवत न्या. तरीही फाटली तर फाटीवर पट्टीचा छोटा तुकडा चिकटवा, कडेपासून अंगापर्यंत. ठिगळ सोल्डरखाली दिसत नाही. फाट तशीच ठेवली तर सोल्डर तिथे दुभंगतं.

नैसर्गिक चकत्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते. एका टोकाला ४ मि.मी., दुसऱ्या टोकाला ६. पट्टी जाड टोकाच्या हिशेबानं घ्यायची आणि पातळ टोकाशी अंगावर जास्तीची आलेली पट्टी कटरनं कापून काढायची. पूर्ण दाबून झाल्यावर, नवं पातं लावून, कडेला समांतर एक हलकी रेघ मारली की जास्तीची किनार दोऱ्यासारखी उचलून येते. पुढे सोल्डर नेमकं याच रेषेपर्यंत जाणार आहे. इथे वेडीवाकडी राहिलेली रेषा नंतर कोणत्याही कौशल्यानं सरळ होत नाही.

तपासणी: नख पट्टीच्या आतल्या किनारीवरून फिरवा. कुठेही अडलं तर तिथे पट्टी उचललेली आहे, फ्लक्स तिच्याखाली शिरेल. पुन्हा दाबा. मग सगळ्या पट्टीवरून स्पिरिटचा कापूस हलकेच फिरवा, बोटांचे ठसे जातात. रंगवलेली चकती असेल तर साबण-पाण्याचा ओलसर कापूस.

शक्यतो त्याच दिवशी सोल्डर करा. नाही जमलं तर चकती हवाबंद पिशवीत ठेवा. पावसाळ्यात उघडं तांबं पटकन काळपट पडतं. काळपट दिसलं तर बारीक स्टील वूलनं एकदाच हलका हात फिरवा. जोरात घासाल तर पट्टी उचलाल.

## ५. जागा आणि आयर्न

स्वयंपाकघरात किंवा जेवायच्या टेबलावर हे काम करायचं नाही, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरायचं नाही. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, पण शिसं बोटांना लागतं आणि बोटं तोंडात जातात. काम करताना खाणं-पिणं नाही, नंतर हात साबणानं धुवा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. फ्लक्सचा धूरही घसा जाळतो. खिडकी उघडी ठेवा आणि छोटा पंखा असा लावा की धूर तुमच्यापासून दूर ओढला जाईल.

कूलरसमोर बसू नका. आपल्याकडे मार्च ते जून कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण त्याचा ओला वारा टोक थंड करतो, तापलेल्या दगडाला एका बाजूनं एकदम गार करतो आणि धूर तोंडावर आणतो. तेवढा वेळ तो बंद.

चकती खाली टेकवायला कोरडी लाकडी फळी घ्या. फरशी किंवा ओटा उष्णता ओढून घेतो. थंडीत धुळे-जळगावकडे पारा १० च्या खाली जातो तेव्हा गार फरशीवरून उचललेली चकती थेट सोल्डरला घेऊ नका. तासभर उबदार खोलीत किंवा कोवळ्या उन्हात ठेवा.

६०/४० साठी आयर्न ३७० ते ४०० अंशांवर ठेवा. टोक ओल्या स्पंजला पुसून त्याच्यावर सोल्डरचा पातळ थर द्या. टोक चकचकीत दिसलं पाहिजे. काळं पडलेलं टोक उष्णता पुढे देत नाही. तापमान न ठरवणारं साधं आयर्न असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर ते गपकन मंदावतं, त्यामुळे तेही काम सकाळीच. मध्येच लाइट गेली तर अर्धवट तापलेल्या आयर्ननं ओढत बसू नका. चकती फळीवर ठेवा आणि थांबा.

## ६. पहिला हात: पातळ मुलामा

दगडकामात बहुतेकांचा क्रम इथे चुकतो. पुढच्या अंगाला एकदम जाड, फुगीर सोल्डर घालून ते पूर्ण करतात, मग मागच्या अंगाला लागतात आणि मागून दिलेल्या तापानं पुढचं वितळून ओघळतं. म्हणून आधी पुढचं अंग, मागचं अंग आणि कड, तिन्हींवर फक्त पातळ मुलामा. जाडी सगळी नंतर.

ब्रशनं फ्लक्सचा अगदी पातळ हात द्या. पट्टी ओली दिसावी, फ्लक्स दगडावर ओघळू नये. जास्त फ्लक्स उकळून उडतो, चष्मा त्यासाठीच आहे. टोकावर थोडं सोल्डर घ्या, टोकाची सपाट बाजू पट्टीवर टेकवा आणि हळू सरकवत जा. तांब्याचा रंग जाऊन चांदीसारखी पातळ झिलई मागोमाग पसरत आली पाहिजे. दोन-तीन सें.मी. झाले की चकतीच्या समोरच्या बाजूला जा, मग उरलेल्या दोन बाजू. एकाच दिशेनं सलग फेरी मारली तर उष्णता एका अर्ध्यात साठते आणि दुसरा अर्धा गार राहतो. चिरा अशाच वेळी जातात.

सोल्डर पसरत नसेल तर आयर्न जास्त वेळ धरणं हा उपाय नव्हे. पट्टी मळलेली आहे, फ्लक्स वाळला आहे किंवा टोक काळं पडलं आहे, यांपैकी काहीतरी एक. आयर्न उचला, कारण शोधा, फ्लक्स पुन्हा लावा, मग टेकवा.

तपासणी: हाताची मागची बाजू चकतीच्या मध्यभागी टेकवा. आरामात टेकवता आली तर पुढे जा, चटका बसला तर पाच-दहा मिनिटं थांबा. गार करायला पाणी, ओलं फडकं, फुंकर काहीही नको.

## ७. तार आणि कडी

१० सें.मी. व्यासाची, ५ मि.मी. जाड अकीकाची चकती साधारण १०० ग्रॅम भरते. हे वजन पट्टीच्या गोंदावर सोपवू नका. नुसती कडी पट्टीला डकवलेल्या चकत्या काही महिन्यांनी पट्टी सोलून खाली पडतात.

साफ केलेली तार चकतीच्या कडेवरून पूर्ण फिरवा, वर दोन्ही टोकं एकमेकांना तीन-चार पिळे द्या आणि उरलेल्या टोकांचा गोल वळवून कडी करा. कडीचं टोक पिळ्यात परत अडकवा. तारेलाही आधी फ्लक्स आणि पातळ मुलामा द्या. मग ती कडेवर चार-पाच ठिकाणी थेंबभर सोल्डरनं टाचून घ्या, वरच्या पिळ्याशी सर्वांत शेवटी. आता वजन तार पेलते, सोल्डर तिला फक्त जागेवर धरतं. लहान, अंगठ्याच्या पेराएवढ्या लॉकेटला पूर्ण फेऱ्याची गरज नाही. तिथे कडीच्या दोन्ही बाजूंनी सें.मी.-सें.मी. तार कडेवर निजवली तरी पुरते.

अॅल्युमिनियमच्या कड्या आणि तारा घेऊ नका, त्यांना हे सोल्डर धरतच नाही.

## ८. दुसरा हात: गोट

आता कडेला फुगीर, गुळगुळीत गोट आणायचा. इथे कामाला येतो तो समतल. वितळलेलं सोल्डर पाण्यासारखं उताराकडे धावतं. ज्या भागावर काम करताय तो भाग जमिनीला समांतर हवा, बाकी चकती कशीही असो.

आधी पुढचं अंग. चकती आडवी ठेवा, फ्लक्स लावा, सोल्डरची तार आणि टोक एकत्र पट्टीवर आणा. सोल्डर फुगून दोन्ही किनारींपर्यंत पसरलं की टोक सरळ वर उचला. बाजूला ओढून उचललं तर शेपूट राहते. पुढचा ठिपका आधीच्याला थोडा चढवून द्या. पूर्ण गार झाल्यावर चकती उलटून मागचं अंग.

कड सर्वांत शेवटी. चकती दोन लाकडी ठोकळ्यांच्या फटीत उभी करा, वर आलेल्या दोन-तीन सें.मी. भागावर काम करा, सोल्डरची चमक विझून ते घट्ट झालेलं दिसलं की मगच फिरवा. सोल्डर अंगावर ओघळू लागलं तर तुम्ही घाई करताय. आयर्न बाजूला ठेवा, चकती गार होऊ द्या. गोटावर टेंगूळ आलं तर थोडा फ्लक्स लावून स्वच्छ टोक क्षणभर टेकवा, ते आपोआप सपाट होतं. एकाच जागी तीन-चारदा परत जाण्यापेक्षा थोडं वाकडं राहिलेलं मला चालतं. वारंवार तापवल्यानं खालचा गोंद जळतो आणि पट्टी आतून सुटते, ते वरून दिसत नाही.

तपासणी: गार झालेल्या गोटावर नखानं टिचकी मारत फेरी घ्या. आवाज घट्ट आला पाहिजे. पोकळ किंवा पत्र्यासारखा आला तर तिथे पट्टी सुटलेली आहे. तेवढाच भाग कापून, पट्टीचा नवा तुकडा लावून करा.

## ९. दोन-तीन चकत्या जोडायच्या असतील तर

प्रत्येक चकती स्वतंत्रपणे मुलाम्यापर्यंत आणा. मग सपाट फळीवर शेजारी मांडा, टाचण्यांनी अडवा आणि आधी फक्त ठिपक्यांनी टाचा. सगळी जुळणी टाचून झाल्यावरच सांधे भरा. अकीकाच्या नैसर्गिक कडा एकमेकींत बसत नाहीत, फटी राहतात. २ मि.मी. पेक्षा मोठी फट नुसत्या सोल्डरनं भरायला गेलात तर ते खाली गळतं आणि उष्णताही फार लागते. फटीत साफ तांब्याची तार निजवा आणि मग भरा. मोठी जुळणी टांगायची असेल तर बाहेरून पूर्ण फेऱ्याची तार हवीच.

## १०. धुणं, त्याच दिवशी

सुरुवातीला जी पांढरी-हिरवी भुकटी सांगितली ती इथून येते. राहिलेला फ्लक्स हवेतली ओल ओढून धातू खात बसतो. जून-जुलैत हे आठवडाभरात दिसतं, कोरड्या दिवसांत उशिरा, पण दिसतंच.

चकती पूर्ण गार होऊ द्या. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या दातघासणीनं गोट, पिळा, कडीचा आतला भाग घासा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात पाच मिनिटं ठेवा. वाहत्या पाण्यात धुवा, पुसा आणि रात्रभर वाळवा. सकाळी पिळ्यापाशी पांढरं दिसलं तर पुन्हा सगळं. मास्किंग टेप आता काढा.

सोल्डरचा चुरा, पुसलेले कागद, स्पंज एका डब्यात साठवा. परसात, बागेत, विहिरीजवळ टाकू नका.

## ११. रंग आणि मेण

चंदेरी आवडत असेल तर हा टप्पा सोडा. तांबूस रंगाला मोरचूद लागतं, पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाच्या निमित्तानं ते शेतकरी घरात असतंच. हातमोजे घालून, प्लॅस्टिकच्या डबीत, कोमट पाण्यात विरघळवा आणि कापसानं गोटावर चोळा. लोखंडी-स्टीलचं भांडं घ्याल तर तांबं त्या भांड्यावरच बसेल. रंग पकडला की लगेच धुवा. मोरचूद विषारी आहे, उरलेलं पाणी नाल्यात किंवा ओढ्यात ओतू नका. काळ्या रंगाची तयार द्रावणं मिळतात, तीही विषारी आणि जाळणारी, मोजे-चष्म्याशिवाय नकोत. शिसेविरहित सोल्डरवर दोन्ही रंग वेगळे उमटतात, आधी तुकड्यावर करून पाहा.

शेवटी गाडीचं पॉलिश मेण मऊ कापडानं गोटावर लावून घासा. त्यानं सोल्डर लवकर काळवंडत नाही.

टांगण्याआधी वजनाची परीक्षा घ्या. चकतीच्या तारेत दोरी अडकवून तिला चकतीच्या तिप्पट वजन बांधा आणि खाली घडी केलेली गोधडी टाकून रात्रभर लटकत ठेवा. सकाळी कडी, पिळा आणि पट्टीचा सांधा भिंगातून पाहा. केसाएवढी चीर दिसली तर तेवढ्याच भागाला फ्लक्स लावून सोल्डर पुन्हा वितळवा, धुवा, मेण लावा. एकाच दांडीला अनेक चकत्या टांगायच्या असतील तर त्यांच्यात चकतीच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. वाऱ्यात एकमेकींवर आपटल्या तर अकीकाच्या पॉलिशचे टवके उडतात, आणि ते भरून काढायला कोणतंही सोल्डर कामी येत नाही.